गोखरू: लहान, मोठे आणि लांडगा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला की गोखरूविषयीचे प्रश्न वाढतात. याच सुमारास धुऱ्यांवर आणि पांदणीत त्याची फळे पिकतात, आणि उन्हाळ्यात मूतखड्याने हैराण झालेल्यांना त्याची आठवण होते. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून, म्हणजे खारट भूजलाच्या भागातून, येणारे प्रश्न बहुतेक मूत्रपिंडाचे असतात, तर यवतमाळ-वर्ध्याकडचे ओळखीचे आणि गोळा करण्याचे. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या वनस्पती वावरतात आणि त्यांपैकी एक विषारी आहे. म्हणून पहिली पाच उत्तरे वाचल्याशिवाय औषधाच्या प्रश्नांकडे जाऊ नये, ही विनंती.

१. गोखरू म्हणजे नेमकी कोणती वनस्पती? आमच्या धुऱ्यावर असते तीच का?

बहुधा तीच. आयुर्वेदात ज्याला गोक्षुर किंवा त्रिकंटक म्हटले आहे, ते म्हणजे लहान गोखरू. मराठीत त्याला सराटा किंवा काटे गोखरू असेही म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस असे आहे. पहिल्या पावसानंतर उगवून जमिनीला चिकटून चहूबाजूंनी पसरणारी ही वर्षायू वनस्पती आहे. मुरमाड रान, गाडवाट, खळ्याची जागा आणि गावठाणाची मोकळी जमीन तिला मानवते. अनवाणी चालणाऱ्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही आणि सायकलची चाके तिच्यामुळेच बसतात. मात्र गोखरू या नावाने दुसऱ्याच वनस्पतीही ओळखल्या जातात. त्यांची माहिती प्रश्न ३ आणि ५ मध्ये दिली आहे.

२. लहान गोखरू खात्रीने ओळखायचे कसे?

पान, फूल आणि फळ अशा तिन्ही खुणा जुळल्याशिवाय खात्री मानू नये. पान संयुक्त असते. एका मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना हरभऱ्याच्या पानासारख्या बारीक पर्णिकांच्या साधारण चार ते आठ जोड्या असतात आणि त्यांवर पांढुरकी रेशमी लव असते. एका पेऱ्यावर समोरासमोर आलेल्या दोन पानांपैकी एक मोठे आणि एक लहान असते. ही खूण फारशी कोणी पाहत नाही, पण ती उपयोगाची आहे. फूल पिवळे, पाच पाकळ्यांचे आणि जेमतेम सेंटिमीटरभर असते.

सर्वांत भरवशाची खूण फळाची. पिकलेले फळ तळहातावर घेऊन अंगठ्याने जरा दाबले, तर ते आपोआप पाच फाकांत सुटते. प्रत्येक फाक पाचरीच्या आकाराची आणि दगडासारखी टणक असते. तिच्या पाठीवर खरबरीत उंचवटे असतात, दोन लांब आणि दोन आखूड काटे असतात. हे काटे सरळ असतात. त्यांच्या टोकाला आकडा नसतो, म्हणून ते कापडाला चिकटून राहत नाहीत, तर तळव्यात घुसतात. आकड्यांचे काटे दिसले, तर ती वनस्पती बाजूला ठेवावी आणि प्रश्न ५ वाचावा.

३. मग मोठे गोखरू म्हणजे काय? ते आमच्याकडे का दिसत नाही?

मोठे गोखरू ही मुळातच वेगळ्या कुळातली, समुद्रकाठची वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव पेडॅलियम म्युरेक्स. ती तिळाच्या कुळातली आहे आणि लहान गोखरूशी तिचे नाते केवळ काट्यांपुरते आहे. गुजरात आणि कोकणापासून तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत, तसेच श्रीलंकेत आणि आफ्रिकेच्या उष्ण भागांत ती वाळूत आणि किनाऱ्यालगतच्या पडीक जमिनीत उगवते. तमिळमध्ये तिला आनै नेरुंजिल, म्हणजे हत्ती-गोखरू म्हणतात. विदर्भाच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत ती सहजी भेटत नाही. आपल्याकडे ती येते ती वाळलेल्या फळांच्या रूपाने, जडीबुटीच्या दुकानांतून.

तिचे झाड लहान गोखरूसारखे जमिनीला चिकटत नाही, ते थोडे उभे वाढते. देठ मांसल असतात आणि पाने साधी, जाडसर व कडेला ओबडधोबड दातऱ्यांची असतात. झाड चुरगळले तर उग्र वास येतो. पिवळी, नरसाळ्याच्या आकाराची फुले पानांच्या बेचक्यात एकेकटी येतात. फळ दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत लांब आणि चौकोनी असते. त्याच्या चार कोपऱ्यांवर, तळाच्या बाजूला, एकेक जाड काटा असतो. हे फळ पाच फाकांत सुटत नाही, त्यामुळे दुकानातसुद्धा दोन्ही फळे वेगळी ओळखता येतात.

४. मोठ्या गोखरूची डहाळी पाण्यात फिरवली की पाणी घट्ट होते म्हणतात, ते खरे आहे का?

होय, खरे आहे. ताज्या पानांची डहाळी तांब्याभर थंड पाण्यात काही वेळ ढवळली, की पाणी हळूहळू जड होते. ओतताना त्याला तार येते आणि शेवटी ते अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके बुळबुळीत होते. पाण्याला रंग येत नाही आणि चवही जवळजवळ येत नाही. हा गुण पानांवरच्या व देठांवरच्या बुळबुळीत द्रव्याचा आहे.

किनाऱ्यावरच्या पारंपरिक उपचारांत हेच पाणी खडीसाखर घालून लघवीची जळजळ, थेंबथेंब लघवी आणि पुरुषांच्या धातुविकारांसाठी देत आले आहेत. पूर्वी ते परम्यावरही, म्हणजे पुयप्रमेहावरही देत. बुळबुळीत पाण्याने दाह शमल्यासारखा वाटू शकतो, परंतु परमा हा जंतुसंसर्ग आहे आणि त्यावर प्रतिजैविकच घ्यावे लागते. बरे वाटते म्हणून थांबलेल्या माणसाकडून तो संसर्ग जोडीदाराला होतो. वाळलेल्या फळांपासून असे घट्ट पाणी तयार होत नाही, म्हणून विदर्भात बसून हा प्रयोग करू पाहणाऱ्यांची निराशा होते.

५. ढोरांच्या शेपटीला आणि मेंढ्यांच्या लोकरीला चिकटतो, त्यालाच आमच्या गावात गोखरू म्हणतात. तो औषधात चालतो का?

नाही, तो मुळीच चालत नाही. ही तिसरी वनस्पती आहे. लांडगा किंवा शंकेश्वर या नावांनीही ती ओळखली जाते आणि तिचे शास्त्रीय नाव झँथियम स्ट्रुमेरियम असे आहे. मूळची अमेरिकेची मानली जाणारी ही वनस्पती आता नाल्याकाठी, तलावाच्या गाळपेरात आणि पडीक वावरात कंबरेएवढी उभी दिसते. पाने रुंद आणि खरखरीत असतात. लांबट फळावर आकड्यांचे दाट काटे असतात आणि टोकाला दोन जाड चोची असतात. फळाच्या पोटात दोन बिया असतात. त्यांपैकी एक लवकर उगवते आणि दुसरी मागाहून, म्हणून एकदा निंदण करून ती हटत नाही.

तिच्या बियांत आणि नुकत्याच उगवलेल्या दोन पानांच्या रोपांत कार्बॉक्सिॲट्रॅक्टिलोसाइड नावाचे विष असते. ते पेशींची ऊर्जा तयार करण्याची यंत्रणाच बंद पाडते, रक्तातील साखर एकदम घसरते आणि यकृत निकामी होते. २००७ मध्ये बांगलादेशाच्या ईशान्य भागात, अन्नाच्या टंचाईच्या काळात, लोकांनी या रोपांची भाजी खाल्ली. त्यातून ७६ जण आजारी पडले आणि १९ जण दगावले. डुकरे आणि वासरेही या रोपांनी मरतात. नावाच्या एका घोटाळ्यामुळे असे विष घरातल्या काढ्याच्या भांड्यात जाऊ शकते, हीच या पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते.

६. परंपरेने लहान गोखरूचा उपयोग कशाकशासाठी होतो?

मुख्यतः मूत्रविकारांसाठी. चरकसंहितेत मूत्रकृच्छ्र, म्हणजे कष्टाने होणारी लघवी, आणि वात यांवरच्या द्रव्यांत गोक्षुराला श्रेष्ठ म्हटले आहे. फळ मूत्रल मानले जाते. मूळ दशमुळांत जाते. सालवण, पिठवण, डोरली, भुईरिंगणी आणि गोखरू ही पाच मिळून लघुपंचमूळ होते, आणि त्याचा रोख सुजेवर व वातावर असतो. गुळवेल, गोखरू आणि आवळा समभाग घेऊन केलेले रसायन चूर्ण, तसेच त्रिफळा, त्रिकटू, नागरमोथा आणि गुग्गुळासह केलेला गोक्षुरादि गुग्गुळ ही वैद्यांच्या रोजच्या वापरातली औषधे आहेत. खेड्यांत याखेरीज कंबरदुखीवर आणि अशक्तपणावर फळांची पूड दुधातून देण्याची रीत आहे.

७. गोखरूने मूतखडा विरघळतो का?

सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे. बहुसंख्य मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि तयार झालेला असा खडा कोणत्याही काढ्याने पोटात विरघळल्याचे खात्रीने सिद्ध झालेले नाही. प्रयोगशाळेत, काचेच्या नळीत, गोखरूच्या अर्काने ऑक्झलेटचे स्फटिक वाढण्याचा वेग कमी झाल्याचे दिसले आहे. परंतु नळीतले स्फटिक आणि मूत्रवाहिनीत अडकलेला खडा यांत मोठे अंतर आहे.

मग गावोगाव ‘गोखरूने खडा पडला’ असे सांगणारी माणसे खोटे बोलतात का? अजिबात नाही. पाच मिलिमीटरपर्यंतचे सुमारे दोन तृतीयांश खडे काहीही औषध न घेता आपोआप पडतात. त्या दिवसांत माणूस काढ्याच्या निमित्ताने भरपूर पाणीही पीत असतो, आणि खडा पडला की श्रेय गोखरूला मिळते. खडा पुन्हा होऊ नये यासाठी दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे मूत्ररोगतज्ज्ञ सांगतात. चंद्रपूर-अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कापसाच्या किंवा हळदीच्या कामावर राबणाऱ्याला त्यासाठी चार-पाच लिटर पाणी लागू शकते, कारण बरेचसे घामातच जाते. वावरात जाताना सोबतची कॅन मोठी असणे हे कोणत्याही काढ्यापेक्षा अधिक गुणकारी आहे.

कळांसोबत थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण बंद झाली, उलट्या थांबेनात, किंवा रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल, तर काढ्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला, तर काही तासांत जिवावर बेतते.

८. आम्ही खारपाणपट्ट्यात राहतो. क्रिएटिनिन वाढले आहे. गोखरू घेतले तर किडनी सुधारेल का?

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य) वाढलेल्या माणसाने गोखरू स्वतःच्या मनाने घेऊ नये, एवढे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या काही भागांत, भूजल खारट आहे. तेथे मूत्रपिंडाचे रुग्ण पाहून लोक आधीच धास्तावलेले असतात, म्हणून ‘किडनी साफ करणारे’ म्हणून मिळेल ते घेण्याकडे कल असतो. परंतु गोखरूत पोटॅशियम बरेच असते. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते, दुबळ्या मूत्रपिंडाला ते जमत नाही, आणि रक्तात पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात.

निरोगी माणसालाही अपाय झाल्याची नोंद आहे. मूतखडा होऊ नये म्हणून गोखरूचे पाणी प्यायलेल्या एका तरुणाला झटके आले आणि त्याचे यकृत व मूत्रपिंड गंभीर बिघडले, असे इराणमधील डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले आहे. असे क्वचितच घडते. तरीही ज्याचे मूत्रपिंड अगोदरच दुबळे आहे, त्याने हा धोका का पत्करावा?

९. काढा करायचा कसा आणि किती घ्यायचा?

प्रश्न ८, १४, १५ आणि १६ मधील व्यक्ती सोडून, वैद्यांच्या सल्ल्याने. ग्रंथोक्त रीत अशी की, फळांच्या भरडीच्या सोळापट पाणी घालून मंद आचेवर आठवा भाग उरेपर्यंत आटवावे. म्हणजे १० ग्रॅम भरडीला १६० मिलिलिटर पाणी आणि उरणारा काढा २० मिलिलिटर. व्यवहारात पुष्कळ वैद्य चौथा भाग उरवतात. चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम मानली जाते. दुधातून घ्यायचे तर एक भाग गोखरू, आठ भाग दूध आणि बत्तीस भाग पाणी एकत्र उकळून दूध तेवढे उरवतात. काढा रोज ताजा करावा. सकाळचा काढा वैशाखात संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

१०. आमच्याच वावरातून गोळा केले तर चालेल का?

कोणत्या वावरातून, यावर ते अवलंबून आहे. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, कीटकनाशके आणि सोयाबीनवर तणनाशके फवारली जातात आणि ती धुऱ्यावरच्या तणावरही पडतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. जी द्रव्ये फवारणाऱ्याचा जीव घेऊ शकतात, ती औषधी काढ्यात नकोत. म्हणून फवारणीच्या शेताचा धुरा, डांबरी रस्त्याची कड आणि गावाच्या उकिरड्याजवळची जागा वर्ज्य समजावी. माळरान किंवा गावाबाहेरची पडीक मुरमाड जमीन बरी.

फळे आश्विन-कार्तिकात, पिवळसर होऊन सुटू लागली की घ्यावीत. वेल मुळासकट उपटून स्वच्छ ताडपत्रीवर वाळवावी आणि काठीने झोडपून फळे वेगळी करावीत. हाताला जाड कापड गुंडाळावे. मूळ हवे असल्यास फळे झडल्यावरच खणावे, म्हणजे पुढच्या वर्षाचे बी रानात राहते.

११. दुकानातून पूड घ्यावी की अख्खी फळे?

अख्खी फळे. पुडीत काय दळले आहे हे कोणालाच ओळखता येत नाही, तर अख्ख्या फळांत प्रश्न २, ३ आणि ५ मधील खुणा डोळ्यांनी पाहता येतात.

१२. लहान गोखरू सांगितले असताना दुकानदाराने मोठे दिले. चालेल का?

वैद्यांना विचारल्याशिवाय बदल करू नये. दोन्हींचा वापर मूत्रविकारांसाठी होतो आणि बाजारात एक नसेल तर दुसरे देण्याची पद्धत जुनी आहे. दक्षिणेकडच्या सिद्ध वैद्यकात मोठ्या गोखरूला स्वतंत्र स्थानही आहे. तरी दोन्हींतील घटक वेगळे आहेत. समुद्रकाठच्या वनस्पतीचे अनुभव माळरानावरच्या वनस्पतीला लावणे, किंवा याच्या उलट करणे, योग्य नाही.

१३. तालमीतली मुले शरीर कमावण्यासाठी गोखरूच्या कॅप्सूल घेतात. फायदा होतो का?

गोखरूने टेस्टोस्टेरॉन वाढते हा समज १९८० च्या दशकात बल्गेरियातील एका औषधामुळे जगभर पसरला आणि व्यायामशाळांत पोहोचला. ऑस्ट्रेलियातील रग्बी खेळाडूंवर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच आठवडे रोज ४५० मिलिग्रॅम अर्क देऊनही ताकदीत किंवा स्नायूंत गोखरू न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढ दिसली नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पोटाला चिमटा काढून या डब्यांवर पैसे घालवतात, हे पाहून वाईट वाटते. त्याच पैशांत महिनाभराचे शेंगदाणे, चणे आणि अंडी येतात.

१४. बाबांचे वय सत्तर आहे, रात्री चार-पाच वेळा उठावे लागते आणि लघवी थेंबथेंब होते. गोखरू द्यावे का?

आधी तपासणी करावी. या वयात असा त्रास बहुधा पौरुषग्रंथी (प्रोस्टेट) वाढल्याने होतो, पण मधुमेह, जंतुसंसर्ग आणि क्वचित कर्करोगही अशाच तक्रारींनी सुरू होतो. वैद्य या अवस्थेत गोक्षुरादि गुग्गुळ देतात हे खरे आहे, मात्र वाट अडलेली असताना लघवीचे प्रमाण वाढवणारे काहीही घेतले, तर मूत्राशय आणखी तुंबते. सोनोग्राफीत लघवी केल्यावर किती शिल्लक राहते हे कळते. तो आकडा पाहूनच पुढचे ठरवावे.

१५. गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला चालते का?

गरोदरपणात घरच्या घरी देऊ नये आणि गुग्गुळ असलेले औषध तर टाळावेच. गरोदरपणात लघवीची जळजळ झाली तर आशाताईंना सांगून आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्यावी, कारण उपचार न झालेल्या संसर्गाने अवेळी प्रसूती होऊ शकते. बाळंतिणीला देण्यात येणाऱ्या दशमुळारिष्टात गोखरूचे मूळ असते. ते वैद्यांनी सांगितलेल्या मात्रेत घेण्यास हरकत नाही.

१६. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत. सोबत गोखरू घेता येईल का?

गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना सांगूनच. गोखरूने लघवी वाढते आणि रक्तदाब व साखर काही प्रमाणात खाली येऊ शकते, त्यामुळे आधीच्या गोळ्यांचा परिणाम प्रमाणाबाहेर जाऊन चक्कर येण्याचा संभव असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. त्यांच्यासोबत प्रश्न ८ मधील धोका निरोगी मूत्रपिंडालाही लागू होतो.

१७. कोवळ्या पानांची भाजी करतात, ती खावी का?

फळे धरण्यापूर्वीच्या कोवळ्या पानांची भाजी टंचाईच्या काळात अनेक ठिकाणी खाल्ली गेली आहे. कधीतरी, उकळून पाणी टाकून, खाण्यास हरकत नसावी. मात्र ती बारीक पर्णिकांचीच आहे ना, हे पाहिल्याशिवाय खुडू नये, आणि लहान मुलांना भाजी खुडायला पाठवू नये, कारण पहिल्या पावसात लांडग्याची रोपेही त्याच पडीकात उगवतात.

१८. मेंढ्यांनी गोखरू खाल्ले तर काही होते का?

थोडे खाल्ल्याने सहसा काही होत नाही. दुष्काळी पावसात दुसरा चारा नसताना कळप अनेक दिवस याच कोवळ्या वेलीवर चरला, तर त्यातील सॅपोनिन नावाच्या द्रव्यांमुळे यकृताला इजा होते, पित्त तुंबते आणि मेंढी उन्हात उभी राहिली की कान, ओठ व चेहरा सुजून कातडी पिवळी पडते. दक्षिण आफ्रिकेत या रोगाने मोठी हानी केली आहे. अशी सूज दिसताच कळप त्या रानातून हलवावा, आजारी जनावरे सावलीत बांधावीत आणि पशुवैद्यकाला बोलवावे.

१९. चुकून लांडग्याची पूड किंवा भाजी पोटात गेली तर काय करावे?

त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. उलट्या, पोटदुखी आणि गळाठा काही तासांनी सुरू होतो, आणि नंतर माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा त्याची शुद्ध हरपते. मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये, ताक किंवा लिंबू यांवर विसंबू नये. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात तातडीने न्यावे, गाडी नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा. सोबत उरलेली पूड, फळ किंवा रोप कागदात गुंडाळून न्यावे आणि डॉक्टरांना ‘गोखरू खाल्ले’ असे न सांगता लांडगा, शंकेश्वर किंवा झँथियम हे नाव सांगावे, म्हणजे रक्तातील साखर आणि यकृताची तपासणी लगेच होईल. घरातील ज्या ज्या व्यक्तींनी तेच खाल्ले आहे, त्या सर्वांना, बरे वाटत असले तरी, सोबत न्यावे.